टँकर तुमचा, काँट्रॅक्ट त्यांचं: गाडी लावणाऱ्यांचे प्रश्न

कारखान्यांचा सीझन तोंडावर आला की निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या वाचकांची टँकरवरची पत्रं वाढतात. यावेळी तर जवळजवळ सगळी पत्रं एकाच गोष्टीची, स्वतःचा टँकर घेऊन मोठ्या ट्रान्सपोर्टला अटॅच करायचा, आणि त्यातनं निघालेली भांडणं. म्हणून हे पूर्ण सदर त्यालाच दिलंय.

मी बरीच वर्षं दुसऱ्याच्या टँकरवर ड्रायव्हर हाय. आता स्वतःची गाडी घ्यावी म्हणतोय. एका मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांचा मॅनेजर म्हणतोय इथेनॉलचा टँकर घे, आमच्याकडं लाव, बारा महिने काम देतो. डाउन पेमेंटला पैसे कमी पडायलेत, वडिलांचं तंबाखूचं रान हाय ते विकावं काय? वडील नको म्हणतात. घरात रोज वाद.
– एक वाचक, निपाणी

दादा, रान विकू नका. वडिलांचं ऐका. गाडीची किंमत पहिल्या दिवसापासून उतरते आणि रान तिथंच राहतं हे एक कारण झालं, पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे.

अटॅच म्हणजे काय ते आधी नीट बघा. आरसी तुमच्या नावावर, कर्ज तुमच्या नावावर, इन्शुरन्स, फिटनेस, टायर, ड्रायव्हरचा पगार सगळं तुमचं, आणि कारखान्याशी किंवा ऑइल कंपनीशी झालेलं काँट्रॅक्ट मात्र ट्रान्सपोर्टवाल्याच्या नावावर. तिथं तुम्हाला तोंड नाही. भाडं किती ठरलंय, वाढलं कधी, कमी झालं कधी, हे तुम्हाला तो सांगेल तेवढंच कळणार. इथेनॉलचंच घ्या, सरकार जो इथेनॉलचा दर जाहीर करतं त्यात वाहतूक धरलेली नसते, ऑइल कंपनी वाहतुकीचे पैसे वेगळे देते. ते पैसे कारखान्याकडनं ट्रान्सपोर्टकडं आणि तिथनं तुमच्याकडं येईपर्यंत मध्ये किती कापले जातात हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे, पण लेखी काही नसेल तर उत्तर मिळणार नाही.

आता ‘बारा महिने काम’. हे तोंडानं बोललेलं आहे ना? मग ते काम नव्हे, ती आशा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये काय झालं आठवा, साखर कमी पडेल म्हणून केंद्रानं उसाच्या रसापासनं इथेनॉल करायला ७ तारखेला एकदम बंदी घातली, आठवडाभरात थोडी सैल केली, आणि पूर्ण मोकळीक मिळायला ऑगस्ट २०२४ उजाडला. त्या काळात कारखान्याच्या हातात साखर करण्याचा पर्याय होता, ट्रान्सपोर्टच्या हातात दुसरी काँट्रॅक्टं होती, पण बँकेचा हप्ता असा थांबत नाही. आणि इथेनॉलच्या टाकीत तुम्ही उद्या दूध भरू शकत नाही, खाद्यतेल भरू शकत नाही. ट्रकवाला भाडं नाही मिळालं तर मार्केटला जाऊन कांदा भरतो, सिमेंट भरतो, टँकरवाल्याला ती सोय नाही. येताना रिकामी येणार हेही हिशोबात धरायचं, म्हणजे भाडं एका बाजूचं आणि डिझेल-टोल दोन्ही बाजूचा.

म्हणून मॅनेजरला एवढंच विचारा, महिन्याला किमान किती किलोमीटरचं भाडं देणार ते अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून देता का. गाडी तुमच्याकडं उभी राहिली तरी तेवढं भाडं मिळणार का. लिहून देत असेल तर त्या आकड्यावर हिशोब मांडा. हप्ता, इन्शुरन्स, नॅशनल परमिट, टॅक्स, पगार, टायरसाठी दर महिन्याला बाजूला काढायचे पैसे, एवढं सगळं त्या किमान आकड्यातनं निघून वर घरखर्च सुटतोय का बघा. ‘चांगल्या महिन्याचा’ हिशोब मांडायचाच नाही, चांगला महिना स्वतःचा स्वतः निभावतो. लिहून देत नसेल तर मग गाडी घेऊ नका असं नाही, पण अशा वेळी डाउन पेमेंट स्वतःच्या शिलकीतनं जेवढं होतंय तेवढंच, आणि रानाला हात नाही.

अजून एक, तुम्ही जुना टँकर बघत असाल तर. व्यवहार झाला, पैसे दिले, गाडी ताब्यात घेतली पण आरसीवर नाव बदललंच नाही, असं आपल्याकडं फार चालतं, एकाच गाडीचे तीन-तीन मालक होऊन जातात आणि कागदावर पहिलाच. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली स्पष्ट सांगितलंय की अपघाताच्या भरपाईत आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरायचा. विकणाऱ्यालाही यात धोका आणि घेणाऱ्यालाही, कारण इन्शुरन्सही जुन्याच नावावर असतो. पेट्रोल-डिझेलचा टँकर असेल तर नागपूरला मुख्य ऑफिस असलेल्या पेसोचं, म्हणजे स्फोटक आणि ज्वालाग्राही मालावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याचं लायसन, ज्याला आपल्याकडं सगळे एक्स्प्लोसिव्ह म्हणतात, तेही नव्या मालकाच्या नावावर व्हायला पाहिजे. ते होईपर्यंत डेपोत नंबर लागत नाही आणि गाडी दारात उभी राहते.

तुमच्याकडं एक गोष्ट मात्र भक्कम आहे, तुम्ही स्वतः चालवणार. ज्वालाग्राही मालाच्या गाडीवर बसायला लायसनवर वेगळी नोंद लागते, त्यासाठी तीन दिवसांचं ट्रेनिंग असतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा लायसनची मुदत तीन वर्षं आहे, साध्या ट्रान्सपोर्ट लायसनसारखी पाच नाही. ही तारीख बरेच जण चुकवतात. मुदत संपलेली असताना काही झालं तर इन्शुरन्स कंपनी पैसे भरून मागनं मालकाकडनं वसूल करायला येते, आणि आता मालक तुम्हीच.

ट्रान्सपोर्टवाले म्हणतात अ‍ॅग्रीमेंटवर सही करा, सोबत तीन कोरे चेक आणि फॉर्म २९, ३० वर सह्या करून द्या, हा सगळ्यांसाठी एकच नियम आहे. अ‍ॅग्रीमेंट इंग्लिशमध्ये, ऑफिसमधला कारकून कन्नडमध्ये समजावून सांगतो, मला दोन्ही अर्धंच कळतंय. बाकीच्या मालकांनी सह्या केल्यात.
– वाचक, खानापूर तालुका

सही करू नका. अजून तरी नको.

फॉर्म २९ आणि ३० हे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म आहेत. त्यावर कोरी सही म्हणजे गाडी विकल्याची सही. ट्रान्सपोर्टला गाडी लावायला या फॉर्मची काहीही गरज नसते. बँकेचा बोजा आहे म्हणून गाडी लगेच जाणार नाही असं कोणी सांगेल, पण बोजा एक दिवस फिटणार आहे आणि तो फॉर्म तोपर्यंत त्यांच्या कपाटात पडून राहील. कोऱ्या चेकचं तेच. डिपॉझिट पाहिजे असेल तर रक्कम ठरवून, खात्यावरनं भरून, पावती घेऊन द्या, आणि गाडी काढल्यावर किती दिवसात परत मिळणार ते अ‍ॅग्रीमेंटात लिहा.

भाषेचं म्हणाल तर हा आपल्या सीमाभागातला रोजचा त्रास आहे, मला त्याचं वाईट वाटतं कारण यात माणूस अडाणी नसताना अडाणी ठरवला जातो. मराठी शाळेत शिकलेला, हिशोबाला पक्का माणूस ऑफिसात गेला की मान हलवून सही करून येतो. लाज धरू नका. अ‍ॅग्रीमेंटची झेरॉक्स मागा, घरी आणा, बेळगावात कोर्टाजवळ मराठीत समजावून सांगणारे वकील आहेत, त्यांची फी गाडीच्या एका टायरच्या किमतीपुढं काहीच नाही. झेरॉक्स द्यायला जो नाही म्हणतो त्याच्याकडं गाडी लावायची नाही, इथं मी अजिबात मागं सरणार नाही.

वाचताना काय बघायचं? पेमेंट किती दिवसांत. डिझेल वाढलं तर भाडं कसं वाढणार. टोल कुणाचा, म्हणजे कोगनोळी आणि हत्तरगीचा टोल तुमच्या खिशातनं जाणार की बिलात लागणार. डेपोत गाडी दोन-दोन दिवस खाली होत नाही तेव्हा हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे, मिळणार का. शॉर्टेज, म्हणजे उतरवताना माल कमी भरला म्हणून पैसे, कापायचं तर कुठल्या मापावर, आणि कापलं तर कागद देणार का. गाडी काढून घ्यायची झाल्यास किती दिवसांची नोटीस, आणि ती नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का, कारण बऱ्याच अ‍ॅग्रीमेंटात त्यांना चोवीस तास आणि तुम्हाला तीन महिने असं असतं. शेवटी बारीक अक्षरात वाद झाला तर कुठल्या शहरातलं कोर्ट ते लिहिलेलं असतं, मुंबई किंवा बेंगळूर असेल तर निदान आत्ताच माहीत असू दे.

ऑइल कंपन्यांच्या कामात आणखी एक गोष्ट आहे. तिथं वाहतुकीच्या शिस्तीचे नियम तिन्ही सरकारी कंपन्यांना मिळून एकच आहेत, आणि कुलपाशी, गाडी कुठं आहे ते दाखवणाऱ्या व्हीटीएस यंत्राशी किंवा मालाशी छेडछाड सापडली तर गाडी काळ्या यादीत जाते, एका कंपनीकडं गेली तर दुसरीकडंही दार बंद. ड्रायव्हरनं ढाब्यावर केलेल्या कामाची शिक्षा गाडीला, म्हणजे तुम्हाला. म्हणून ड्रायव्हर ट्रान्सपोर्टवाला बसवणार असेल तर ते लेखी घ्या की माणूस त्यांचा आणि त्याची जबाबदारीही त्यांची. यावर ते कुरकुर करतील, पण हे मागायचंच.

माझ्या मिस्टरांचा टँकर एका मोठ्या कंपनीला लावलाय. चार महिन्यांचं बिल अडकलंय. फोन केला की पुढच्या आठवड्यात म्हणतात. बँकेचे लोक घरी यायलेत. मिस्टर बोलत नाहीत, रात्रभर जागे असतात. मी बिलं लिहून ठेवते सगळी, पण पुढं काय करायचं?
– एक भगिनी, हुक्केरी तालुका

ताई, तुम्ही बिलं लिहून ठेवता ही या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, त्यावरच पुढचं सगळं उभं राहणार.

पहिल्यांदा बँकेत जा, त्यांनी घरी यायची वाट बघू नका. थकलेल्या बिलांची यादी, ट्रिपच्या पावत्या घेऊन मॅनेजरला भेटा आणि हप्त्याची तारीख पुढं ढकलून मागा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

मग उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का बघा. नसेल तर आजच करा, सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, सायबर कॅफेवाला हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. एक टँकर असलेला मालक हा कायद्यानं सूक्ष्म उद्योग आहे, सेवा देणारा. २००६ च्या एमएसएमई कायद्यात अशा माणसाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आणि एप्रिल २०२४ पासनं इन्कम टॅक्समध्येही अशी तरतूद आलीय की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही. मोठ्या कंपनीच्या अकाउंटवाल्याला हे बरोबर कळतं, म्हणून पहिलं पत्र जाईल त्यात उद्यम नंबर ठळक लिहा, बिल नंबर, तारीख, रक्कम, आणि रजिस्टर पोस्टानं पाठवा, सोबत ईमेल. बऱ्याच वेळा तेवढ्यावरच पैसे हलतात.

नाही हलले तर थकलेल्या बिलांसाठी असलेल्या एमएसएमईच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, ती असे वाद मिटवणाऱ्या राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडं जाते. यात तुमच्या फायद्याची गोष्ट अशी की पैसे मागणारा जिथं आहे तिथली कौन्सिल प्रकरण चालवते, म्हणजे कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं आणि अ‍ॅग्रीमेंटात मुंबई कोर्ट लिहिलं असलं तरी तुम्हाला कर्नाटकातच दाद मागता येते. निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि कंपनीला वर अपील करायचं असेल तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कौन्सिलच्या निकालाला कायद्यात ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, ती तयारी ठेवा. नोंदणी आधी नव्हती असं असेल तर नोंदणीनंतरच्या ट्रिपांनाच हे नक्की लागू पडेल असं धरून चाला, जुन्या बिलांसाठी वकिलाची नोटीस आणि कोर्ट हाच रस्ता.

गाडी तिथंच चालू ठेवायची का, हे तुम्ही विचारलं नाही पण मी सांगतो, थकलेले पैसे बुडतील या भीतीनं आणखी ट्रिपा करत राहू नका. आकडा वाढला की तुमचं बोलणं मऊ होत जातं आणि त्यांना ते कळतं.

मिस्टरांना एकटं सोडू नका. ट्रान्सपोर्टला पहिला फोन तुम्ही करा, हिशोब तुमच्याकडं आहे, तुम्ही बोललात तर त्यांच्या डोक्यावरचं निम्मं ओझं कमी होईल. तरीही झोप लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, रात्रभर जागलेल्या माणसानं टँकर चालवायचा नसतो.

प्रत्येक ट्रिपला शॉर्टेज कापतात. कधी ६० लिटर, कधी १०० च्या वर. ड्रायव्हर माझा सख्खा मेहुणा, थेंब चोरत नाही. मग जातंय कुठं?
– वाचक, चिकोडी

मेहुण्यावर संशय घ्यायच्या आधी थर्मामीटर बघा. इथेनॉल काय, पेट्रोल काय, गरम झालं की फुगतं, थंड झालं की आकसतं. इथेनॉलचं हजार लिटरमागं एका डिग्रीला लिटरभराच्या थोडं वर. वीस हजार लिटरच्या टाकीत पाच डिग्रीचा फरक पडला तर शंभर-एकशेदहा लिटर डिपमध्ये, म्हणजे टाकीत पट्टी घालून घेतलेल्या मापात, कमी दिसणार, माल तेवढाच आहे. दुपारी उन्हात कारखान्यावर भरलं आणि रात्रीचा घाट चढून पहाटे गारठ्यात डेपोला खाली केलं की हे होणारच. वजन मात्र बदलत नाही, म्हणून दोन्हीकडं काट्यावरची पावती घ्या आणि चलनावर भरताना व उतरवताना तापमान आणि घनता लिहून घ्यायचा आग्रह धरा. १५ डिग्रीला आणून मोजायची पद्धत ठरलेली आहे, शॉर्टेज त्या आकड्यावर कापलंय की नुसत्या डिपवर ते लेखी विचारा.

बाकी दोन ठिकाणं तपासा. टाकीचं कॅलिब्रेशन, म्हणजे किती डिपला किती लिटर याची तपासणी, वैधमापन खात्याकडनं दर बारा महिन्यांनी करून घ्यावं लागतं, आणि मध्येच पाटे बदलले, टाकी हलली, डिपपाइपला दणका बसला तर जुना चार्ट खोटा बोलायला लागतो. आणि गाडी उतारावर उभी करून डिप घेतला तर माप चुकतं, सपाट जागीच घ्या. एवढं करूनही दर वेळी एकाच डेपोला शॉर्टेज येत असेल तर प्रश्न गाडीचा नाही, सगळ्या चलनांच्या झेरॉक्स लावून ट्रान्सपोर्टला पत्र द्या.

मळीला भाडं बरं मिळतंय. सुपरवायझर म्हणतो टाकी पूर्ण भर. भरू काय?
– वाचक, रायबाग

अजिबात नाही. मळी पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड, लिटरला १.४ किलोच्या आसपास. वीस हजार लिटर म्हणजे नुसता माल २८ टन, आणि तुमच्या दहाचाकी गाडीचं गाडीसकट पास वजनच २८.५ टन. पेट्रोलनं हीच टाकी भरली तर १५ टनाच्या आत असते. ओव्हरलोडला कायद्यात २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार दंड आहे, तो सुपरवायझर भरणार नाही. तवंदी घाटात ब्रेक तापल्यावर तर तो फोनही उचलणार नाही. काट्यानुसार भरा, आणि टाकी अर्धी राहिली तर वळणावर माल एका बाजूला लोटतो हे ध्यानात ठेवून हळू चालवा.

इन्कम टॅक्सचं सोपं काही आहे का? टीडीएस कापतात ते बरोबर आहे का? जीएसटी नंबर काढायला सांगतात.
– वाचक, अथणी

दहा किंवा त्याहून कमी गाड्या असतील तर वह्या न ठेवता ठोक हिशोबावर रिटर्न भरता येतो, १९६१ च्या कायद्यात ते कलम ४४एई होतं, नव्या कायद्यात नंबर बदललेत पण सोय तीच आहे. १२ टनाच्या वरच्या गाडीला टनामागं महिन्याला हजार रुपये उत्पन्न धरतात, म्हणजे २८ टनी गाडीचे वर्षाला ३ लाख ३६ हजार. गाडी उभी राहिली तरी तेवढंच धरलं जातं, हे लक्षात असू द्या. तेवढ्याच गाड्यांच्या मालकानं पॅनसोबत डिक्लरेशन दिलं की भाड्यातनं टीडीएस कापायचा नाही, ते द्या आणि पोच घ्या. आणि ट्रान्सपोर्ट एजन्सीला गाडी भाड्यानं देणं हे जीएसटीतनं माफ आहे. तुमचं काम तेवढंच असेल तर नंबर कशाला पाहिजे ते आधी त्यांना विचारा.

ऑटोनगरमध्ये रिकाम्या टँकरच्या पायरीला वेल्डिंग मारायचं होतं. मिस्त्री म्हणाला रिकामाच आहे, दहा मिनिटांचं काम. मी परत आणला. लोक हसले. आणि माल भरलेला असताना रस्त्यात व्हॉल्व्ह गळायला लागला तर काय करायचं?
– वाचक, बेळगाव

तुम्ही परत आणलात ते शंभर टक्के बरोबर केलंत, हसणाऱ्यांना हे उत्तर वाचायला द्या. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. टाकी वाफेनं धुऊन, गॅस मोजून, गॅस-फ्रीचा दाखला मिळाल्याशिवाय तिच्यावर किंवा तिच्या जवळपास वेल्डिंग, ग्राइंडिंग काहीच नाही. पायरी असो नाहीतर मडगार्ड.

गळती लागली तर गाडी वस्तीपासनं, ढाब्यापासनं, ओढ्या-गटारापासनं लांब घ्या, इंजिन बंद, बॅटरीचा मेन स्विच बंद, माणसं वाऱ्याच्या वरच्या बाजूला. मोबाइलवर बोलायचं ते लांब जाऊन. इथेनॉलची ज्योत दिवसा उन्हात नीट दिसत नाही, म्हणजे आग लागलेली कळायच्या आत माणूस त्यात पाय टाकतो. फायर ब्रिगेडला फोन करताना माल कुठला ते पहिल्यांदा सांगा, कारण अल्कोहोलवर साधा फोम टिकत नाही, त्याला वेगळा फोम लागतो. गाडीच्या पाटीवर यूएन नंबर असतो, इथेनॉल ११७०, पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, तो वाचून दाखवला तरी त्यांना कळतं. केबिनमध्ये ट्रेम कार्ड, म्हणजे माल कुठला आणि गळती-आगीत काय करायचं ते लिहिलेलं कार्ड, असायलाच पाहिजे, ते माल देणाऱ्यानं द्यायचं असतं, नसेल तर गाडी गेटच्या बाहेर काढू नका.

आणि लोक कॅन घेऊन पळत येतात, हे आपल्या हायवेवर दर वेळी होतं. त्यांना सांगा की ही दारू नव्हे, पिऊ नये म्हणून यात मुद्दाम दुसरं काहीतरी मिसळलेलं असतं, पोटात गेलं तर माणूस मरू शकतो. ऐकत नसतील तर भांडत बसू नका, ड्रायव्हर-क्लीनरनं लांब जाऊन रस्ता अडवायचा, मागच्या गाड्या थांबवायच्या आणि ११२ ला फोन लावायचा, नॅशनल हायवे असेल तर १०३३ लाही. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला फोन त्यानंतर.